गाईचं उष्टं की चघाळ? ‘ऑर्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि त्याचं मूळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुभत्या गाईंच्या आहारावरची एक इंग्रजी पुस्तिका तुम्ही मराठीत आणताय. तिच्यात ‘ऑर्ट्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: रोज सकाळी ऑर्ट्स गोळा करा, त्यांचं वजन करा, नोंद ठेवा. यंत्रानं केलेल्या भाषांतरात त्या जागी ‘कला’ आलं, म्हणजे यंत्राला तो ‘आर्ट्स’ वाटला. तुमच्याकडच्या कोशात ‘उष्टे, उरलेले तुकडे’ असा अर्थ मिळाला. तेव्हा ‘गाईचं उष्टं गोळा करा’ असं लिहावं का, आणि मुळात हा शब्द आला कुठून, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगते. ‘उष्टं’ लिहू नका, ‘चघाळ’ लिहा, म्हणजे गुरांनी खाऊन गव्हाणीत उरलेली वैरण. तुमच्या भागात ‘चघळ’ किंवा ‘चगाळ’ म्हणत असतील तर तसं लिहा. पण असं का, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, कारण या एवढ्याशा शब्दात गोठा आहे, शेक्सपिअर आहे आणि आपल्या ‘उच्छिष्ट’ शब्दाचा एक जुना नातेवाईकही आहे.

मी सत्तावीस वर्षं भाषांतर करते. निम्मं काम शेतीचं आणि निम्मं साहित्याचं. या शब्दाशी माझी पहिली गाठ शेतीच्या कामातच पडली. एका पत्रकात तो आला होता आणि मीही तुमच्यासारखाच कोश उघडून ‘उष्टी वैरण’ असं लिहिलं होतं. पत्रक छापण्याआधी माण तालुक्यातल्या आमच्या गावी काही बायकांना ते वाचून दाखवलं. त्यातली एक म्हातारी मला थांबवून म्हणाली, “बाई, गुराचं कुठं उष्टं असतंय? उष्टं माणसाचं. गुराचं चगाळ.” हा फरक मला कोणत्याही कोशानं शिकवला नव्हता. लहानपणी रोज सकाळी गव्हाणीतलं चगाळ पाटीत भरून उकिरड्यावर टाकणारी मी, पण लिहायला बसले की तो शब्द मनात येतच नव्हता. इंग्रजी शब्द समोर आला की आपण मराठी पुस्तकात शोधतो, गोठ्यात शोधत नाही. या कामातली ती सगळ्यात मोठी अडचण आहे असं मला आजही वाटतं.

आता शब्दाकडे येते. ‘ऑर्ट’ म्हणजे खाऊन झाल्यावर मागे राहिलेला तुकडा. बहुतेक वेळा तो अनेकवचनीच वापरतात. इंग्रजीत तो पंधराव्या शतकाच्या मध्यापासून लिखित सापडतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फोक परगण्यात लिन नावाचं बंदर आहे. तिथल्या एका डॉमिनिकन साधूनं सुमारे १४४० मध्ये इंग्रजीतून लॅटिनमध्ये जाणारा एक कोश रचला, त्यात हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिलाय जनावरांच्या खाण्यातून उरलेलं. म्हणजे सुरुवातीच्या नोंदीतच तो गोठ्यातला आहे, पंगतीतला नाही. माणसांच्या ताटातले तुकडे हा अर्थ त्याच्यासोबत चालत आला आणि साहित्यात तोच गाजला, पण तुमची पुस्तिका या शब्दाला त्याच्या जुन्या घरीच घेऊन चाललीय.

नॉर्फोकचा उल्लेख मी मुद्दाम केला. लिन बंदराचा व्यापार समुद्रापलीकडच्या उत्तर जर्मनीशी फार जुना. त्या बाजूच्या सखल जर्मन बोलीत ‘ऑर्टे’, जुन्या डचमध्ये ‘ओरेटे’ अशा रूपांत हाच शब्द याच अर्थानं होता. त्यामुळे तो जहाजातून इंग्लंडात उतरला असं काही अभ्यासक मानतात. दुसरं मत असं की जुन्या इंग्रजीतच तो होता, शेतकऱ्यांच्या तोंडी होता, फक्त कुणी लिहून ठेवला नव्हता. मला दुसरं मत पटतं. गव्हाणीत उरलेल्या गवताला नाव देण्यासाठी कुठल्या शेतकऱ्याला परदेशी व्यापाऱ्याची वाट बघावी लागली असेल असं वाटत नाही, आणि असले शब्द शतकानुशतकं कागदाबाहेर राहतात हे आपल्या ‘चघाळ’कडे बघूनही कळतं.

शब्दाची फोड डच रूपात स्पष्ट दिसते: ‘ओर’ अधिक ‘एटे’. दुसरा तुकडा म्हणजे खाणं, इंग्रजीतलं ‘ईट’. पहिला तुकडा हा जुना जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, डच, जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळाचा, उपसर्ग. त्याचं आधीचं रूप ‘उझ्’ असं होतं, अर्थ बाहेर, पलीकडे. म्हणजे ‘ऑर्ट’ म्हणजे खाण्याच्या बाहेर पडलेलं, खाण्यातून सुटलेलं.

हा ‘उझ्’ आणि आपला संस्कृत ‘उद्’ हे एकाच मुळाचे आहेत. उद्गम, उद्भव, उत्पन्न यांतला ‘उद्’. इंग्रजीतलं साधं ‘आउट’ही त्याच कुळातलं. ‘ईट’ हा संस्कृतातल्या ‘अद्’ धातूचा भाऊ. अद् म्हणजे खाणं. त्याच्यापासून ‘अन्न’ बनलं, जे खाल्लं जातं ते. संस्कृतातला ‘द’ जर्मानिक भाषांत ‘ट’ होतो हा नियम जर्मन भाषाअभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला, आणि तो पडताळून बघायला आपल्याला कोश उघडायची गरज नाही. द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ, अद् आणि ईट. ‘झ’चा ‘र’ कसा झाला याचा नमुना तर प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतो: ‘वॉझ’चं अनेकवचन ‘वेअर’. त्याच वाटेनं ‘उझ्’चा ‘ओर’ झाला.

आता ‘उष्टं’ घ्या. ते आलंय ‘उच्छिष्ट’वरून. उच्छिष्ट म्हणजे उद् अधिक शिष्ट. शिष् म्हणजे मागे राहणं, उरणं; शेष, अवशेष, विशेष सगळे त्याचेच. म्हणजे नॉर्फोकच्या शेतकऱ्यानं आणि आपल्या पूर्वजांनी उरलेल्या अन्नाला नाव देताना एकच उपसर्ग पुढे लावला. एकानं त्याला खाण्याचा धातू जोडला, दुसऱ्यानं उरण्याचा. हे दोन शब्द एकमेकांवरून बनलेले नाहीत, हे लक्षात ठेवा. ते स्वतंत्रपणे घडले. पण ज्या मातीचे ते बनले त्यातला निम्मा गोळा एकच होता. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ कागदावर ते दोन उपसर्ग शेजारी शेजारी लिहून बघत बसले होते.

हा ‘ओर’ उपसर्ग आजच्या इंग्रजीतून जवळजवळ गेला. ठळकपणे तो ‘ऑर्डील’ या शब्दात उरलाय. ऑर्डील म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘दिव्य’ म्हणत: तापलेलं लोखंड हातात धरायला लावून आरोपीचा खरेपणा ठरवायचा. मूळ अर्थ ‘वाटून दिलेला निवाडा’, त्यातला ‘डील’ म्हणजे वाटा. डचमध्ये ‘ओरडेल’ आणि जर्मनमध्ये ‘उर्टाइल’ हे शब्द निवाडा या अर्थानं अजून रोजच्या वापरात आहेत.

एक सावधगिरीची गोष्ट. जर्मनमध्ये ‘ऑर्ट’ म्हणजे जागा, ठिकाण. त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही, तो टोक या अर्थाच्या दुसऱ्याच शब्दातून आला. दुसरी, ही खास तुमच्या पुस्तिकेसाठी: ‘ऑर्ट्स’ आणि ‘ओट्स’ यांत घोळ होऊ देऊ नका. ओट म्हणजे जई, तीही चाराच. ‘ओट्सचं वजन करा’ असं छापलं गेलं तर वाक्य अर्थपूर्ण दिसेल आणि चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. यंत्रानं ‘कला’ केलं ते बरं, ती चूक निदान ओरडून सांगते.

आणि ‘कला’ची चूक फक्त यंत्राची नाही. ‘ज्युलियस सीझर’ नाटकात अँटनी हा लेपिडसची हेटाळणी करतो, हा माणूस दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या, जुन्या झालेल्या गोष्टींवर जगतो असं म्हणतो. १६२३ सालच्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, तिथे ‘ऑब्जेक्ट्स, आर्ट्स’ असं छापलंय. वस्तू आणि कला. नंतरच्या काही संपादकांना ते पटलं नाही. कलांवर जगणं ही शिवी कशी होईल? त्यांनी ‘आर्ट्स’चं ‘ऑर्ट्स’ केलं, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले तुकडे. त्यावर अजून एकमत नाही, काही आवृत्त्या एक पाठ छापतात, काही दुसरा. मला ‘ऑर्ट्स’च बरोबर वाटतो, कारण पुढच्याच ओळीत ‘इतरांनी वापरून शिळं केलेलं’ असा भाव आलाय. एका अक्षरानं कला आणि उष्टं यांची अदलाबदल होते, आणि छापखान्यात चारशे वर्षांपूर्वी जे झालं असावं तेच तुमच्या पडद्यावर पुन्हा झालं.

शेक्सपिअरनं हा शब्द इतरत्रही वापरलाय. ल्युक्रीसवरच्या १५९४ च्या दीर्घकाव्यात भिकाऱ्याच्या तुकड्यांसाठी, ‘टायमन ऑफ अथेन्स’मध्ये उधळून झालेल्या संपत्तीतल्या शेवटच्या किडुकमिडुकासाठी. पण खरी जागा आहे ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’मध्ये. क्रेसिडा दुसऱ्याची झाली हे ट्रॉयलस डोळ्यांनी बघतो आणि म्हणतो, तिच्या निष्ठेचे तुकडे, तिच्या प्रेमाचं उरलंसुरलं, ते चुरे, ते तेलकट अवशेष आता डायोमीडच्या पदरात. एका दमात पाच-सहा शब्द, सगळे उरलेल्या अन्नाचे, आणि त्यांत ‘ऑर्ट्स’ आहे. भाषांतरकार म्हणून मी या ओळींशी बरेच दिवस झगडले आहे. इथे मात्र ‘उष्टं’ हाच शब्द हवा. प्रेमाचं चघाळ म्हणून चालणार नाही. इथे दुसऱ्याचं तोंड लागलंय, तेच तर त्याचं दुःख आहे. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाला एका जागी ‘उष्टं’ आणि दुसऱ्या जागी ‘चघाळ’ म्हणावं लागतं, कारण इंग्रजीत जो फरक शब्दात नाही तो मराठीत आहे.

या फरकाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे.

मराठीत उरलेल्या अन्नाला एक शब्द नाही, त्याचं काय झालंय त्यावर शब्द ठरतो. पातेल्यात राहिलं, कुणी हात लावला नाही, तर ते ‘उरलेलं’. रात्र उलटली की ‘शिळं’. हा शब्द ‘शीतल’वरून आला, म्हणजे मुळात फक्त गार झालेलं. ताटात राहिलं, तोंड लागलं, तर ‘उष्टं’. भांड्याला, हाताला, जमिनीला चिकटलेली शितं म्हणजे ‘खरकटं’. भात खाल्लेल्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवलं तर घरातली मोठी माणसं ओरडायची, ते या शेवटच्या दोन शब्दांमुळे. ‘उष्ट्या हातानं कावळा हाकणार नाही’ असं कंजूष माणसाला म्हणतो, कारण हात झटकला तर बोटांना लागलेलं शीतही कावळ्याला मिळेल. यात एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

इंग्रजीतलं ‘लेफ्टओव्हर’ यातल्या पहिल्या दोघांसाठी चालतं आणि ‘उष्टं’ म्हणायची वेळ आली की गळून पडतं. हा शब्द तसा नवा आहे, उरलेलं जेवण या अर्थानं तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्याआधी ‘ब्रोकन मीट’ म्हणजे मोडलेलं अन्न असं म्हणत. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूनं जमावाला जेवू घातल्यावर उरलेल्या सात टोपल्यांसाठी हेच शब्द आहेत. आणि ‘लेफ्ट’ ज्या क्रियापदापासून आलं त्या ‘लीव्ह’चं मूळ चिकटून राहणं या अर्थाच्या धातूत आहे, आपलं लिंपणं आणि लेप ज्यातून आले त्याच्यातच. म्हणजे मुळाशी गेलं तर तो शब्द ‘खरकट्या’च्या जवळ आहे. वापरात मात्र त्याला ना विटाळ आहे ना किळस.

ही कमतरता साधी नाही. ओमप्रकाश वाल्मीकि यांचं ‘जूठन’ (म्हणजे उष्टं) हे हिंदी दलित आत्मकथन १९९७ मध्ये आलं. त्याचं इंग्रजी भाषांतर करताना अरुण प्रभा मुखर्जी यांनी शीर्षक बदललं नाही, ‘जूठन’ तसंच ठेवलं. ‘लेफ्टओव्हर्स’ म्हटलं तर पातेल्यातलं, उद्या खायचं जेवण डोळ्यांसमोर येतं, असं कारण त्यांनी प्रस्तावनेत दिलंय. ‘स्क्रॅप्स’सारखे शब्द थोडे जवळचे, पण त्यांत जातीनं लादलेला अपमान येत नाही. मला तो निर्णय पूर्ण पटतो. (हिंदीतलं ‘जूठा’ मात्र ‘उच्छिष्ट’वरून आलेलं नाही. ते ‘जुष्ट’वरून, म्हणजे भोगलेलं, चाखलेलं.) महाराष्ट्रात हा अर्थ आणखी थेट माहीत आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना निर्धार करायला सांगितलं की फेकलेले तुकडे खाणार नाही, मेलेल्या जनावराचं मांस खाणार नाही. गावकीची कामं करून त्या बदल्यात घरोघर भाकरतुकडा मागायचा, शिळं-उष्टं पदरात घ्यायचं, ही रीत ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या घरात ‘उष्टं’ हा शब्द कसा ऐकू येतो याचा विचार करा. तो शब्द गाईच्या गव्हाणीत सहज टाकून देण्यासारखा नाही.

इंग्लंडातही उरलेल्या तुकड्यांवर जगणारे लोक होतेच. जॉर्ज इलियटच्या १८६१ सालच्या ‘सायलस मार्नर’मध्ये एक वाक्य आहे, त्याचा भाव असा: श्रीमंतांच्या मेजवान्या वाढल्या की ऑर्ट्सही वाढायचे, आणि ऑर्ट्स म्हणजे गरिबांचा वारसा. इलियट मूळची वॉरिकशायरची, शेक्सपिअरही तिथलाच. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा शब्द शहरी इंग्रजीतून मागे पडला होता, पण तिकडच्या खेड्यांतून जिवंत होता. फरक इतकाच की तिथल्या गरिबाला ते तुकडे मिळणं हा दारिद्र्याचा भाग होता. कुणाच्या तोंडाचं कुणी खायचं हे जन्मानं ठरवलेलं नव्हतं.

आपल्याकडे या शब्दाची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात ‘उच्छिष्टा’चं एक आख्खं सूक्त आहे, यज्ञातून जे उरलं त्यात सगळं विश्व सामावलंय असं ते म्हणतं. तुकोबा आपल्या शब्दांना संतांची उच्छिष्टं म्हणतात, मी अडाणी, मला काय कळणार, हे त्यांच्या ताटातलं आहे. अँटनीनं लेपिडसला जी शिवी दिली, दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा, तेच तुकोबांनी नम्रतेनं स्वतःबद्दल म्हटलं. बाळाला पहिल्यांदा अन्न भरवतो त्या समारंभालाही आपण ‘उष्टावण’ म्हणतो. इतका ताण एका शब्दात आहे. एका टोकाला प्रसाद, दुसऱ्या टोकाला अपमान. ‘ऑर्ट’मध्ये यातलं काहीच नाही, तो मधे कोरडा उभा आहे.

आणि आता गाय. जनावराला आपण सहसा उष्टं म्हणत नाही, हे त्या म्हातारीचं म्हणणं मी पुढे अनेक ठिकाणी तपासून पाहिलं. कुत्र्यामांजरानं तोंड घातलेल्या दुधाला उष्टं म्हणतो, कारण ते माणसाच्या भांड्यातलं, माणसाच्या खाण्याचं. पण वासरू आधी पिऊन जातं, मग धार काढतो, त्या दुधाला उष्टं कोण म्हणतं? कुणीच नाही. म्हटलं ते नामदेवांनी. त्यांचं एक पद गुरू ग्रंथसाहिबात आहे, त्यात ते म्हणतात की नैवेद्याला दूध आणलं, पण ते तर आधीच वासरानं विटाळलंय, आता विठ्ठलाला काय देऊ? सगळीकडे विठ्ठलच आहे हे सांगण्यासाठी त्यांनी ते मुद्दाम उलटं करून विचारलं. रोजच्या बोलण्यात जी गोष्ट कुणी म्हणत नाही तीच म्हटल्यामुळे ते पद कानाला खटकतं आणि लक्षात राहतं. तुमच्या पुस्तिकेनं शेतकऱ्याला असं खटकायला नको.

आता तांत्रिक बाजू. पशुआहार शास्त्रात ‘ऑर्ट्स’ हा आज पूर्ण जिवंत शब्द आहे. साहित्यातून तो गेला (व्हर्जिनिया वुल्फनं आपल्या शेवटच्या, १९४१ मध्ये तिच्या मृत्यूनंतर आलेल्या कादंबरीत तो वापरलाय, पण तोही जुन्या आठवणीसारखा), अमेरिकेतल्या शब्दकोड्यांत तो तीन सोयीच्या अक्षरांमुळे उरला, पण काम करणारा शब्द म्हणून तो गोठ्यातच राहिला. अर्थ नेमका आहे: जनावरापुढे टाकलेल्या आहारातला जो भाग पुढचा आहार टाकण्याच्या वेळी गव्हाणीत शिल्लक असतो तो.

त्याचं वजन का करायचं, हे समजल्याशिवाय भाषांतर नीट होणार नाही. गाईनं किती खाल्लं हे थेट मोजता येत नाही. टाकलेलं वजा उरलेलं, हीच सगळ्यात साधी वाट. काल सकाळी तीस किलो टाकलं, आज सकाळी दोन किलो उरलं, म्हणजे अठ्ठावीस किलो पोटात गेलं. पुढची पायरी पाण्याची. टाकलेल्या आणि उरलेल्या चाऱ्यातला ओलावा सारखा नसतो, रात्रभरात काही वाळतं, काही गाईच्या लाळेनं भिजतं, म्हणून दोन्हींचे नमुने वाळवून कोरडं वजन धरायचं आणि मग वजाबाकी करायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गाय निवडून खाते. मिसळलेल्या आहारातलं पेंड आणि भरडा आधी टिपते, लांब काड्या बाजूला सारते. आपल्या कडब्याचंही तेच, पानं आणि शेंडे खाल्ले जातात, जाड बुडखे राहतात. म्हणून चघाळ हे टाकलेल्या चाऱ्याचं लहान रूप नसतं, त्यातली सत्त्वं वेगळी असतात. संशोधक चघाळाचं वेगळं पृथक्करण करतात ते यासाठी, आणि चाऱ्याची बारीक कुट्टी करून घालायची ती यासाठी, की गाईला निवडायला कमी वाव मिळावा. स्कॉटलंडच्या बोलीत ‘ऑर्ट’ हे क्रियापदही होतं, अर्थ हाच: गाईनं नाकानं ढकलून चारा बाजूला टाकणं. त्यावरून मग चोखंदळ माणसासाठीही ते वापरायला लागले. तिथली एक म्हणही आहे, रात्रीचं चघाळ सकाळची वैरण. आमच्या दुष्काळी भागात ही म्हण कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. चाराटंचाईच्या वर्षी आजोबा दुभत्या म्हशीपुढचं चघाळ भाकड जनावरापुढे टाकायचे. त्यातूनही जे राहायचं ते बसायला अंथरूण म्हणून, आणि मग शेणात कालवून खड्ड्यात.

तुमच्या पुस्तिकेत एक वाक्य शेतकऱ्याला नक्की अडणार आहे, त्याची तयारी ठेवा. ‘पाच ते दहा टक्के ऑर्ट्स राहतील इतका आहार टाका’ अशा अर्थाचं ते असेल. आपल्याकडे गव्हाण चाटूनपुसून साफ होणं हे चांगलं लक्षण मानतात, वैरण वाया गेली नाही म्हणून. प्रयोगाच्या गोठ्यात मात्र साफ गव्हाण ही शंकेची जागा असते. गाईचं पोट भरलं म्हणून थांबली की संपलं म्हणून थांबली, हे कळत नाही. थोडं उरलं तरच ती पोटभर जेवली असं म्हणता येतं. हे कारण मूळ पुस्तिकेत दिलेलं नसेल तर लेखकाला विचारून एक वाक्य वाढवा. नाहीतर ‘मुद्दाम चघाळ ठेवा’ हे वाचून माणूस पुस्तिका बाजूला ठेवेल आणि त्याचं चुकणार नाही.

शब्द निवडताना एक अडचण मला आली होती, ती सांगून ठेवते. ‘चघाळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोरडी धाटं येतात. मुरघास, भिजवलेली पेंड, मिसळलेला ओला आहार यांच्या उरलेल्याला ते जरा अवघडतं. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘गव्हाणीत उरलेला चारा, म्हणजेच चघाळ’ असं एकदा पूर्ण लिहा आणि पुढे फक्त ‘चघाळ’ ठेवा. ‘अवशिष्ट आहार’ किंवा ‘उर्वरित पशुखाद्य’ असलं काही घालू नका. विद्यापीठाच्या अहवालात ‘उर्वरित चारा’ चालेल, शेतकऱ्याच्या हातातल्या पुस्तिकेत नाही. कोकणात किंवा विदर्भात ही पुस्तिका जाणार असेल तर तिथल्या दोन-तीन गोठ्यांत जाऊन विचारा. गव्हाणीकडे बोट दाखवा आणि “हे राहिलंय त्याला काय म्हणता?” एवढंच विचारा. तुमच्याकडचा शब्द आधी सांगू नका, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून लोक हो म्हणतात.

तुमच्या वाक्याचं मी असं करेन: “रोज सकाळी ताजा चारा टाकण्याआधी प्रत्येक गाईच्या गव्हाणीत उरलेला चारा, म्हणजेच चघाळ, वेगळं गोळा करा. त्याचं वजन करून आदल्या दिवशी टाकलेल्या चाऱ्याच्या आकड्याशेजारी लिहा.” ‘प्रत्येक’ आणि ‘वेगळं’ हे दोन शब्द गाळू नका. दावणीत गाई शेजारी शेजारी असल्या की एकीचं चघाळ दुसरी ओढून खाते, आणि मग सगळी वजाबाकी चुकते.